रबराचा वास

हे मी आजवर कोणापाशी बोलली नाही. आमच्या ह्यांच्यापाशी नाही, पोटच्या पोरीपाशी नाही. विहारात माझ्या बाजूला बसणाऱ्या बायांपाशी तर नाहीच नाही — त्यांना सांगणं म्हणजे पांढुर्ण्यात दवंडी पिटणं. तुम्हाला सांगून राहिली, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अन् ओळखत असाल, तरी आता या वयात माझं काय वाकडं करणार?

गोष्ट तशी लहानशीच आहे. आठ माशांची. हसू नका बाप्पा. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला हेच सांगितलं — मासेच तर होते, बाजारात टोपलीभर मिळतात. पण टोपलीतल्या माशांना नावं नसतात. आमच्यांना होती.

माझे सासरे — आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो — पांढुर्णा स्टेशनात केबिनमन होते. अख्खी नोकरी लिव्हर ओढण्यात गेली. सिग्नल पडला म्हणजे पडला, उठला म्हणजे उठला, मधलं काही त्या माणसाला समजतच नसे. रिटायर झाले अन् वर्षाच्या आत सासूबाई गेल्या. मग मामाजी घरात कोणाशी बोलेनात. त्याच सुमारास स्टेशनातल्या एका साहेबांची बदली झाली अन् जाताना त्यांनी आपली काचेची माशांची पेटी मामाजींना देऊन टाकली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे ही. गावात तेव्हा टी.व्ही. नुकते येऊन राहिले होते, घरात मासे पाळणारं तर दुसरं कोणीच नव्हतं. लोक बघायला यायचे. एकानं विचारलं, "बाबूजी, हे खायचे केव्हा?" मामाजी त्याच्याशी पुढं महिनाभर बोलले नाहीत.

माशांची नावं त्यांनी आपल्या लाइनवरून ठेवली होती. नागपूर, काटोल, नरखेड, पांढुर्णा, तिगाव, मुलताई, आमला अन् इटारसी. इटारसी सगळ्यात लठ्ठ, जंक्शन ना! तिगाव एवढासा, बोटाच्या पेराएवढा, अन् सगळ्यात खोडकर. सकाळी चहाचा कप घेऊन मामाजी पेटीपुढं बसत अन् म्हणत, "आमला लेट हाय आज." सासूबाई गेल्यावर त्या माणसाच्या तोंडून निघालेले पहिले शब्द ते होते, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणून सांगते, मासेच तर होते असं म्हणू नका.

आता आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पेटीतलं पाणी दिवसाला बोटभर उडून जायचं. मामाजींनी काचेवर लाल रंगाची एक रेघ मारून ठेवली होती, पाणी त्या रेघेखाली गेलेलं त्यांना खपत नसे. दिवसातून तीनदा लोट्यानं पाणी टाकत, हळूच, माशांना झोत लागू नये म्हणून काचेच्या कडेनं. एका उन्हाळ्यात दोन दिवस घरी कोणी नव्हतं, तर पाणी उतरून चहासारखं तापलं होतं अन् मासे तळाशी निपचित पडले होते. तेव्हापासून त्यांनी गाव सोडणंच सोडलं. लग्न नाही, बारसं नाही, मौत नाही. माशांना पाणी कोण टाकन?

या प्रश्नाचं उत्तर अशोकनं काढलं. अशोक म्हणजे माझा धाकटा दीर. वीस-एकवीसचा होता. दहावीत दोनदा आपटलेला. पण घरात जे जे स्क्रूनं बंद केलेलं होतं ते ते यानं उघडलेलं — रेडिओ, घड्याळ, शिलाई मशीन. एकदा पंखा उघडून परत लावला, तर तो उलटा फिरायला लागला अन् खालचा कचरा वर ओढू लागला. मी त्याला चिडवायची, "भाऊजी, तुमच्या बायकोले कुलूप लावून ठेवा, नाही तर तिलेही उघडून पाहान!" तो हसायचा. माझ्यावर फार जीव होता त्याचा. हापशीवरून माझं पाणी तोच आणायचा, दळण तोच आणायचा, माझी सुजाता तेव्हा सात-आठ महिन्यांची होती, रडली की त्याच्याच खांद्यावर झोपायची. हे लक्षात ठेवा. हे मी उगाच सांगून नाही राहिली.

त्याला नागपूरला जाऊन मोटारी भरायचं काम शिकायचं होतं. जळलेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळतात ना, ते. तिथला एक कारागीर त्याला ठेवून घ्यायला तयार होता. अन् मामाजींनी त्याच्यासाठी सौंसरच्या एका कापसाच्या जिनिंगात हमालीची जागा बोलून ठेवली होती. "दहावी पास होत नाही, अन् मोटारी भरते म्हणे!" रोजचा वाद.

मग सौंसरलाच मामाजींच्या भाचीचं लग्न निघालं. चार दिवसांचा मुक्काम. सख्खी भाची, जाणं भाग होतं, अन् मामाजी तर माशांपायी अडून बसलेले. अशोकनं कुठून तरी भंगारातल्या कूलरमधला तरंगता गोळा आणला. पाणी चढलं की तो गोळा वर येतो अन् नळी बंद करतो, पाणी उतरलं की खाली जातो अन् नळी उघडतो. पेटीच्या वर, लाकडी फळीवर, तेलाचा रिकामा पिपा धुऊन पाण्यानं भरून ठेवला. पिप्यापासून पेटीपर्यंत रबराची काळी नळी, तिच्या टोकाला तो गोळा. दोन दिवस घरच्या घरी चालवून पाहिलं. रेघेखाली पाणी गेलं की थेंब थेंब यायचं, रेघेला लागलं की बंद. मामाजी स्टूल घेऊन पुढ्यात बसले होते. शेवटी म्हणाले —

"चार दिवस माह्ये मासे जगले, तर नागपूरले जाय. नाही जगले, तर जिनिंगात. मंजूर?"

"मंजूर," अशोक म्हणाला.

सगळ्यांसमोर झालं हे. मामाजींचा शब्द म्हणजे पडलेला सिग्नल.

ऐनवेळी मी लग्नाला गेली नाही; हे, मामाजी अन् अशोक गेले. गावात हगवण-उलटीची साथ चालू होती, तान्ह्या पोरीला घेऊन लग्नाच्या गर्दीत कुठं जाणार? जाताना मामाजी म्हणाले, "सूनबाई, घर तुह्या भरवशावर हाय." अशोक म्हणाला, "वहिनी, शर्त हाय. वरून पाणी टाकायचं नाही, पिप्याले हात लावायचा नाही. बस." मी म्हणाली, "नजर लागन का तुमच्या पिप्याले?"

पहिला दिवस चांगला गेला. रेघेवर पाणी, आठही गाड्या टाइमावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लीचिंग पावडर वाटणारा माणूस आला. कागदाच्या पुडीत पांढरी पूड. म्हणाला, बाई, चिमूटभर टाका, साचलेलं पाणी एकही सोडू नका. त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतलं एक लेकरू गेलं होतं. मी सुजाताला कडेवर घेऊन घरभर फिरली. रांजण, घागर, न्हाणीतला हौद. अन् मग वर पाहिलं — पिपा. दोन दिवसांपासून साचलेलं पाणी.

मी काय विचार केला, सांगू का? मी विचार केला, मासेही जीवच आहेत, त्यांनाही साथ लागायची. खरंच. एवढा शुद्ध मूर्खपणा होता तो. अन् चिमटीनं काय होते, म्हणून मूठभर टाकली.

दुपारी मासे वर आले. तोंडं उघडून पाण्याच्या कडेला लागले, जसे काही सांगूनच राहिले होते. मी पेटीपाशी गेली अन् वास आला. तेव्हा समजलं. तांब्या-तांब्यानं पेटीतलं पाणी काढलं, हापशीचं ताजं टाकलं, पण किती काढणार? संध्याकाळच्या वंदनेपर्यंत सात गेले होते. तिगाव शेवटी गेला. एवढासा जीव, पण बराच वेळ झगडला.

इथपर्यंत चूक आहे. चुकीचं मला फारसं काही वाटत नाही आता. ती मी केव्हाच स्वतःला माफ करून टाकली — अडाणीपणा होता, लेकराची भीती होती. पण पुढं जे केलं त्याला काय म्हणू?

मी पिपा उतरवला. ओतला. राखेनं घासला, तीन पाण्यांनी धुतला. हापशीचं पाणी भरून परत फळीवर ठेवला, नळी होती तशी लावली. ब्लीचिंगची पुडी चुलीत टाकली. मासे मात्र होते तसेच तरंगत ठेवले. हे सगळं मी सुजाताला पाळण्यात झोके देत देत केलं.

चौथ्या दिवशी ते आले. अशोक सगळ्यांच्या आधी धावत आत आला अन् त्यानं आधी पाहिली ती लाल रेघ. पाणी बरोब्बर रेघेवर होतं, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. "पाहा बाबा, पाहा!" असं ओरडला तो. तो चेहरा — तो आनंद — मी पाहिला आहे. मग त्याची नजर वर तरंगणाऱ्या माशांवर गेली.

मामाजी आले. वाकले, पेटीवर नाक नेलं. "मेलेल्या माशांचा नाही, हा दुसरा कायचा वास हाय?"

त्या दिवसांत सगळ्या गावालाच ब्लीचिंगचा वास होता. विहिरीला, चहाला, माणसांच्या हातांना. म्हणून कोणाला वेगळा ओळखू आला नाही. अशोक माझ्याकडे पाहून राहिला होता. तो मला दोष देत नव्हता, विचारून राहिला होता — वहिनी, काय झालं? मी घरात होती ना. मीच सांगू शकत होती.

अन् मी म्हणाली, "रबराचा असन, मामाजी. मले तर पहिल्याच दिवशी आला होता."

एवढंच वाक्य. दहा शब्दही नाहीत. मामाजींनी नळी उपटली, नाकाला लावली अन् अशोकच्या पायापाशी टाकली. नव्या रबराला वास असतोच. अशोकनं ती उचलली, हुंगली अन् मान खाली घातली. त्याला पटलं! माझ्या शब्दावर त्याला पटलं. आठव्या दिवशी तो सौंसरला गेला.

का बोलली मी असं? मामाजींची भीती होती, खरं आहे. पण एवढ्यावर थांबली तर हीही अर्धीच कबुली होईल. मघाशी म्हणाली ना, लक्षात ठेवा म्हणून? तो नागपूरला गेला असता तर माझं पाणी कोण आणणार होतं? दळण? पोरीला कोण धरणार होतं? सौंसर जवळ, दर रविवारी घरी येईल, आल्यावर चार घागरी भरून देईल. वाक्य तोंडातून निघताना हे माझ्या मनात होतं. स्पष्ट होतं. मासे पाहून रडू आलं होतं, अन् त्याच डोळ्यांनी मी घागरी मोजून राहिली होती.

रविवारी तो यायचाही. डोळे लाल, केसांत कापसाचं पुंबड, खोकत. अन् आल्या आल्या घागर उचलायचा. मी त्याच्यासाठी पुरणाच्या पोळ्या करायची, भरपूर तूप वाढायची. तुपानं काय होते?

विहारात आम्ही पंचशील घेतो. पहिलं शील, जीव मारणार नाही. चौथं, खोटं बोलणार नाही. एका उन्हाळ्यात दोन्ही मोडून मी रोज हात जोडून दोन्ही म्हणत आली, अन् आवाजही माझाच सगळ्यांपेक्षा मोठा. शेजारच्या बाया म्हणतात, ताई किती भावानं म्हणतात!

मामाजींनी परत मासे आणले नाहीत. पेटीत आम्ही कांदे ठेवू लागलो. ते आजारी पडले, शेवटच्या दुखण्यात, तेव्हा मी त्यांना पेज भरवून राहिली होती. एकदम म्हणाले, "सूनबाई, अशोकले मी जास्तच बोललो का वं?" देवानं दार उघडून दिलं म्हणतात ना, तसं होतं ते. मी म्हणाली, "नाही मामाजी. तुम्ही पेज घ्या." ते तसेच गेले.

आता हे वाचून तुम्हाला वाटलं असेल की मी अशोकचं आयुष्य नासवलं. नासवायला निघाली होती खरी, पण त्या गड्यानं नासू दिलं नाही. जिनिंगातली मोटर जळली की नागपूरहून मेकॅनिक यायचा. अशोक जेवणाची सुट्टी सोडून त्याच्याजवळ जाऊन बसायचा. चार वर्षं नुसतं पाहिलं. पाचव्या वर्षी मेकॅनिक आलाच नाही, तर यानंच मोटर भरली, अन् ती चालली! सहाव्या वर्षी तो पांढुर्ण्याला परत आला, दुकान टाकलं. कूलर, पंप, मोटारी. आज तालुक्यात कोणाचाही पंप बंद पडला की लोक अशोकचंच नाव घेतात. तरणा होता तेव्हा जे एका वर्षात शिकला असता, ते सहा वर्षांत शिकला. मधली पाच मी खाल्ली.

पण दोन सवयी त्याला लागल्या. नवी रबराची नळी तो पाण्यात उकळल्याशिवाय लावत नाही. कूलरची असो की मोटरची. लोक हसतात, "अशोकभाऊ, चहापत्ती टाका आता!" त्याच्या हाताखाली शिकून गेलेले सगळे कारागीर आपापल्या दुकानात नळ्या उकळून राहिले आहेत, अन् का उकळायच्या हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. मला आहे.

दुसरी सवय याहून वाईट. ज्या कामावर कोणाचा जीव अवलंबून आहे ते काम तो घेत नाही. एका डॉक्टरनं माशांच्या पेटीला आपोआप पाणी लावून मागितलं — नाही. एकाला कोंबड्यांच्या खुराड्यात हवं होतं — नाही. म्हणतो, माझा हात मशीनले चालते, जीवाले चालत नाही.

अन् आता मागच्या रविवारचं सांगते. अशोकची पोरगी पल्लवी, शेतकी कॉलेजात शिकते. तिनं संत्र्याची रोपवाटिका टाकली आहे, दोन हजार कलमा. पाणी कमी पडलं की आपोआप येईल, पुरलं की बंद होईल, अशी व्यवस्था तिला पाहिजे. तिला येतं सगळं, फक्त बापाचा हात पाहिजे. बाप नाही म्हणतो. आम्ही सगळे बसलो होतो, माझ्या हातात चहा होता. पोरगी हट्टाला पेटली, तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिला ती माशांची गोष्ट सांगितली. सगळी, नावांसकट. तिगावसकट.

पल्लवीनं ऐकलं. अन् म्हणाली, "पण बाबा, नळीच्या वासानं चार दिवसांत आठही मासे कसे मरतील? पाण्यातच काही असन."

अशोक हसला. किती सहज हसला! म्हणाला, "नाही वं. वहिनीनं वास घेतला होता ना. वहिनी खोटं कशी बोलन?"

अन् मी? मी चहा पिऊन राहिली होती. तेव्हाही गप्प बसली. तेव्हाही!

घरी येऊन मात्र झोप लागेना. पण खरं सांगू, इतक्या वर्षांनी जीवाला थोडं बरंही वाटून राहिलं. ती पोरगी बरोबर जागी बोट ठेवून बसली आहे. मी सांगितलं नाही तरी ती एक दिवस शोधून काढेल, तिचं डोकं तिच्या बापाचंच आहे. पण तिनं शोधलं तर ते तिचं शोधणं होईल. अन् दोन हजार कलमा तोवर वाट पाहणार नाहीत, उन्हाळा तोंडावर आला आहे. तिच्या बापाचे हात आजही चांगले आहेत, आजही त्याला केसभर रेघ साधते. त्याच्या हाताला जीव चालतो. चालतच होता. फक्त हे त्याला ठाऊक नाही, अन् ज्या एका बाईला ठाऊक आहे ती हे लिहून राहिली आहे.

म्हणून उद्या सकाळी जाते. दुकान उघडायच्या आधी, गिऱ्हाईक यायच्या आत. पल्लवीलाही बोलावून घेतलं आहे. तो खुर्ची पुसून देईल, "या वहिनी" म्हणेल, चहा सांगेल. चहा येऊ देणार नाही मी. उभ्यानंच सांगणार. तो काय म्हणेल ते म्हणेल, तो त्याचा हक्क आहे. परत कधी वहिनी म्हणणार नसेल तर न म्हणो.

हे शब्द मी पाठ करून ठेवले आहेत, ऐनवेळी दुसरंच काही तोंडातून निघू नये म्हणून —

भाऊजी, तुमच्या नळीत काही खोट नव्हती. पाण्यात ब्लीचिंग होतं. ते मी टाकलं होतं, अन् पिपाही मीच धुतला होता.